बक्कळावन्न

पाण्यात उतरण्याआधी छोट्यांची तुकडी तलावाच्या काठावर ओळीनं बसते आणि पाय आपटून पाणी उडवते. अंग गरम व्हावं आणि भीती जावी, म्हणून कोचनं घातलेला हा रोजचा खेळ. त्या दिवशी तिनं नेहमीसारखं विचारलं, "काय, कालच्यापेक्षा जास्त पाणी उडवणार ना?"

"बक्कळावन्न उडवणार!" ओळीतली सगळ्यात बारकी मुलगी ओरडली. तिला सगळे बेडकी म्हणत.

"मी चिक्काऱ्यांशी!" शेजारचा म्हणाला.

"मी ढीगशे! ढीगशे बक्कळावन्न!"

आणि मग काय, सगळी ओळच सुटली. छताखालच्या तलावात साधा आवाजही दुप्पट होऊन परत येतो. इथं तर फरशी, भिंती, पत्रा, सगळंच ओरडायला लागलं. कोचची शिट्टी तोंडात होती, ती तोंडातच राहिली. वाजवायचं सुचलं नाही.

"हे... हे कुठं शिकलीस गं?" तिनं बेडकीला विचारलं.

"सुरवंट म्हणतो! टीव्हीवर! तुम्ही नाही बघत?" बेडकीला कोचची कीव आल्यासारखी दिसली.

कोच नाही बघत. पण तो कार्यक्रम मराठीत कोण आणतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिची सख्खी ताई.

घरी कोचला सगळे धाकटी म्हणत. आईबाबांची धाकटी, ताईची धाकटी, शेजाऱ्यांचीही धाकटीच. तर या धाकटीचं आणि आकड्यांचं लहानपणापासून कधी जमलं नाही. बाकी सगळ्यात चलाख. बोलायला लागली की कुणाला ऐकायची नाही, पाण्यात तर मासोळी. पण आकडे डोक्यात थांबायचेच नाहीत, ओल्या साबणासारखे निसटायचे. सदतीस आणि सत्तावीस यांच्यात फरक काय, हे तिला कितीदा सांगितलं तरी सकाळी पाटी कोरी. एकोणपन्नासवर तर तिचा विशेष राग होता. "पन्नास झालेलेच नाहीत, तर मध्ये पन्नास कशाला म्हणायचं?" असं ती बाबांना विचारायची.

मग तिनं आपले आकडे आपणच केले. बोटं संपली की खूपवीस. डोळ्यांना दिसतं पण मोजवत नाही ते ढीगशे. बक्कळावन्न म्हणजे बरणीत किंवा पोत्यात मावेल इतकं. आणि चिक्काऱ्यांशी म्हणजे कशातच मावणार नाही इतकं. त्यात गंमत अशी, की तिचा हिशेब तिच्यापुरता अगदी पक्का असायचा. ढीगशेच्या जागी चिक्काऱ्यांशी म्हटलं तर ती हसायची आणि चूक दुरुस्त करून द्यायची.

घरात त्याचं कौतुक होतं. शाळेत ते कुणाला ठाऊक नव्हतं, आणि नव्हतं तेच बरं होतं. एकदा गणिताच्या बाईंनी बटणांनी भरलेली काचेची बरणी वर धरून विचारलं, "अंदाजे किती असतील?" पोरं कुणी शंभर म्हणाली, कुणी दीडशे. हिच्यावर बोट आलं तेव्हा ही घाबरली, नेहमीच्या सवयीनं खालचा ओठ दातात धरला, छताकडे बघितलं आणि म्हणाली, "अं... बक्कळावन्न."

वर्ग हसत सुटला. बाईसुद्धा हसल्या. हसून थांबल्या असत्या तर गोष्ट वेगळी. त्यांनी तो शब्द फळ्याच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत लिहिला आणि खाली लिहिलं, 'पुसू नये'. तिथून पुढे धाकटीचं नाव 'बक्कळ' पडलं. बक्कळ आली, बक्कळ गेली, बक्कळचा डबा लपवा. शाळेच्या फाटकात पाऊल ठेवलं की ती मान खाली घालायची.

ताई वरच्या वर्गात होती. तिला कळलं त्या दिवशी ती मधल्या सुट्टीत धाकटीच्या वर्गात घुसली आणि सगळ्यांच्या देखत बाहीनं फळा पुसला. शिक्षा म्हणून तिला मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर उभं केलं. ती खडूनं पांढरी झालेली बाही तशीच मिरवत उभी राहिली, मान अजिबात खाली न घालता. घरी येताना म्हणाली, "हे बघ, तुझे आकडे फक्त आपल्या घरातले. बाहेर एकही शब्द काढायचा नाही. मी पण नाही काढणार. कधीच." आणि धाकटीचा हात तिनं घरापर्यंत सोडला नाही.

धाकटीनं तो शब्द पाळला. पाळता पाळता मोठी झाली. पोहण्यात नाव काढलं, कोच झाली. तिच्या तलावाच्या काठावर एक लाकडी खुंट्यांची फळी आहे. पोरानं एक फेरी मारली की येऊन आपल्या खुंटीवर एक रबरी कडं अडकवायचं. कोच फळीकडे नजर टाकते आणि कुणाचं किती झालं ते तिला कळतं. तलावाच्या व्यवस्थापकांना वाटतं, काय सुंदर पद्धत आहे, मुलांना शिस्त लागते. धाकटी म्हणते, हो ना. खरं कारण ताई आणि ती स्वतः, एवढ्या दोघींनाच माहीत. बाबा तर आता राहिले नाहीत.

आता ताईचं काम. परदेशी कार्टून मराठीत बोलायला लावायचं. चित्र तेच, संवाद आपले, आणि पात्राचं तोंड जेवढा वेळ उघडं राहील तेवढ्यातच वाक्य बसलं पाहिजे. मध्ये एकदा ती धाकटीकडे राहायला आली होती, तेव्हा डोकं धरून बसली होती.

"एक सुरवंट आहे गं. जाडा, हिरवा, आणि बढाईखोर. त्याला धड मोजता येत नाही, पण सगळं मोठ्ठं सांगायची हौस. इंग्रजीत तो झिलियन म्हणतो, उम्प्टीन म्हणतो, ऊडल्स म्हणतो. ऐकलं की हसूच येतं. मराठीत मी काय लिहू? असंख्य? अगणित? सुरवंट काय भाषण ठोकतोय का?"

"भरपूर लिही की."

"भरपूरला कोण हसेल? पुष्कळ, मुबलक, विपुल... सगळे शब्द कसे इस्त्री करून कपाटात ठेवल्यासारखे." मग ताई तिच्याकडे बघून हळूच हसली. "तू काय काय म्हणायचीस गं? बक्कळावन्न, आणि?"

कित्येक वर्षांनी तो शब्द घरात उच्चारला गेला होता. धाकटीला आधी कसंसंच झालं. पण ताईच्या चेहऱ्यावर अशी माया होती की ती विरघळली. तिनं सगळे सांगितले. कुठल्या मापाला कुठला आकडा, तेही. इतकंच काय, ओठ दातात धरून, छताकडे बघून, 'अं...' करून दाखवलं. दोघी लोळून लोळून हसल्या. धाकटीला वाटलं, इतकी वर्षं बाळगलेलं ते ओझं आज उतरलं. बहीण असावी तर अशी.

त्या संध्याकाळची आठवण तिनं जपून ठेवली होती. आणि आता काठावर बसलेली पोरं पाय आपटत ओरडत होती.

तुकडी घरी गेल्यावर ती कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसली आणि तिनं मोबाइलवर सुरवंट लावला. हिरवा गोळा पानावर बसला होता. मुंगीनं त्याला विचारलं, "तू किती पानं खाल्लीस रे?" सुरवंटानं खालचा ओठ दातात धरला. वर बघितलं. "अं..." म्हणाला. आणि मग म्हणाला, "बक्कळावन्न!"

ओठ दातात धरणं मूळ चित्रातलंच असेल कदाचित. पण तो 'अं' चित्रातला नव्हता. तो तिचा होता. आवाज देणाऱ्या माणसाला कुणीतरी समोर बसवून शिकवल्याशिवाय तसा 'अं' येणं शक्यच नव्हतं. केसांतून पाणी पाठीवर ओघळत होतं, आणि ती टॉवेल हातात घेऊन नुसती बसून राहिली.

तरीही तिनं ताईची बाजू घेऊन पाहिली. विसरली असेल सांगायला. कामाची घाई असेल. शब्द आवडले म्हणून वापरले असतील, प्रेमानंच ना? नाव तर कुठं घेतलेलं नाही. मनाची अशी समजूत घालत ती सुट्टीच्या दिवशी आईकडे गेली.

आई दारातच फुलली. "अगं, ताईची मुलाखत बघितलीस का? ये, ये, बस. शेजारच्या सगळ्यांना दाखवून झाली माझी." चहाचं भांडं गॅसवर ठेवून तिनं मोबाइल पुढे धरला.

ताई छान दिसत होती. निवेदिका विचारत होती, "घराघरांत मुलं बक्कळावन्न, ढीगशे म्हणताहेत. हे शब्द आले कुठून?"

ताई लाजल्यासारखी हसली. "खरं सांगू? माझ्या लहानपणातून. मला ना सरळ आकड्यांचा कंटाळा यायचा. मग मी आपले आकडे तयार करायचे. घरातले सगळे हसायचे, पण मी हट्टानं तेच वापरायचे. कल्पनाशक्ती म्हणा, वेडेपणा म्हणा!"

निवेदिकेनं टाळ्या वाजवल्या.

धाकटीनं व्हिडिओ बंद केला. शब्द नेले होते ते कळलं होतं. पण ही तर तिचं अख्खं लहानपणच उचलून घेऊन गेली होती, त्यातलं रडणं तेवढं काढून टाकून.

"आई," ती म्हणाली, "ते आकडे कुणाचे होते?"

"कुणाचे म्हणजे? ताईचे ना?" आई चहा गाळत होती. मग थांबली. "की तुझे गं? दोघींपैकी कुणीतरी म्हणायची खरं. तुम्ही दोघी सारख्याच चुरूचुरू बोलायच्या, माझ्या लक्षात काय काय राहणार? आणि तुझेमाझे काय त्यात, घरातलेच तर होते."

धाकटीनं चहा घेतला नाही. काम आठवलं, म्हणाली.

ती तडक ताईच्या घरी गेली. ताई कामाच्या खोलीत होती. खिडकीला जाड पडदा, टेबलावर संगणकाचे दोन पडदे, एकावर सुरवंट तोंड उघडून थिजलेला. ताईनं कानावरचे हेडफोन काढले आणि तिला बघून उठलीच. "अगंबाई! न सांगता?"

"न सांगता करायची पद्धत तूच पाडलीस."

ताईच्या चेहऱ्यावरचं हसू तिथंच थबकलं. ती खुर्चीत परत बसली. "सुरवंट बघितलास."

"पोरांनी ओरडून दाखवला. माझ्या तलावात. माझ्या तोंडावर."

"आवडला नाही तुला?"

"ताई, त्याचा 'अं' कुठून आला?"

ताईनं पडद्यावरच्या सुरवंटाकडे बघितलं. मग म्हणाली, "धाकटे, तो शब्द नुसता लिहून चालतच नव्हता. तसं म्हटल्यावर एकदम जिवंत झाला. स्टुडिओत सगळे हसून हसून पडले. अगं, मुलं प्रेम करतात त्या सुरवंटावर! तुझ्या आकड्यांवर! शाळेत ज्याला हसले, त्यालाच आज लोक डोक्यावर घेऊन नाचताहेत. मला वाटलं, तुला बरं वाटेल."

"माझ्या कुठं? तुझ्या आकड्यांवर. मुलाखत बघून आले मी."

आता ताईचा चेहरा उतरला. तिनं हेडफोनची वायर बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. "ते मी तुझ्यासाठीच केलं. तुझं नाव घेतलं असतं, तर तू म्हणाली असतीस की जगाला सांगितलंस. म्हणून माझ्या अंगावर घेतलं."

"अंगावर घेतलंस? टाळ्या वाजत होत्या गं तिथं! फळ्यावर 'पुसू नये' लिहिलं तेव्हा ते शब्द माझे होते. बक्कळ म्हणून डबा लपवला तेव्हा माझे होते. आणि आता टाळ्या पडायला लागल्यावर तुझे झाले?"

"फळा मी पुसला होता," ताई हळूच म्हणाली.

"तेच तर. दुसऱ्या कुणी केलं असतं ना, तर मी दोन शिव्या घालून मोकळी झाले असते." धाकटी म्हणाली. "एकदा विचारलं का नाहीस? फोन उचलून, एवढंच, की वापरू का?"

ताईनं वायर टेबलावर ठेवली. मग जे खरं होतं तेच बोलली. "विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

म्हणजे त्या संध्याकाळी लोळून हसताना, माया दाखवताना, ताईला ठाऊक होतं. आपण काय घेतोय, कुणाकडून घेतोय, आणि मागून मिळणार नाही, हे सगळं ठाऊक होतं. धाकटी उठली. ताई जिन्यापर्यंत मागे आली, "अगं थांब, जेवून तरी जा," म्हणत राहिली. धाकटी थांबली नाही.

त्यानंतर ताईचे फोन येत राहिले, धाकटी उचलत नव्हती. आईनं मध्यस्थी करून पाहिली. "एवढ्याशा शब्दांपायी सख्ख्या बहिणी अबोला धरतात का?" धाकटी म्हणाली, "एवढेसे नव्हते गं." आईला ते कळलं नाही, आणि धाकटीनं समजावण्याचा नाद सोडला.

मग एक दिवस ती तलावावर पोचली, तर बेडकीची आई दारातच वाट बघत उभी. डोळे चमकत होते. "कोच! तुम्ही बोलला नाहीत कधी! तो सुरवंट म्हणजे तुम्ही?"

कालपासूनच्या नव्या भागांच्या शेवटी, जिथं सगळ्यांची नावं येतात, तिथं धाकटीचं पूर्ण नाव आलं होतं. 'सगळे आकडे माझ्या धाकट्या बहिणीचे.' आणि ताईनं कुठंतरी सविस्तर लिहिलंही होतं. बहिणीला लहानपणी आकडे कसे जमत नव्हते, शाळेत तिला कसं छळलं, आपण त्या शब्दांचं श्रेय घेतलं ती आपली चूक कशी झाली. लोकांनी वाचून डोळे पुसले होते. ताईचा मेसेजही होता: "केलं बघ दुरुस्त. आता तरी बोल."

धाकटीला हसावं की रडावं कळेना. या वेळेसही ताईनं विचारलं नव्हतं.

तो दिवस तिनं कसा काढला, तिचं तिला माहीत. खुंट्यांच्या फळीकडे कुणी बघितलं की ती मध्ये जाऊन उभी राहायची. व्यवस्थापकांनी बोलावलं तेव्हा तिनं मनातल्या मनात नोकरीवर पाणीही सोडलं. ते म्हणाले, "अहो, मग ही कड्यांची पद्धत तुम्हाला सुचली ती यामुळे होय! मोठ्यांच्या तुकडीलाही लावू या." पोरांना तर पर्वणीच. बेडकीनं तिला विचारलं, "कोच, ढीगशे मोठं की बक्कळावन्न?" आणि सगळी तुकडी पाय आपटायचं सोडून उत्तरासाठी थांबली. कोचनं जरा वेळ घेतला. मग सांगितलं, बरणीत मावलं तर बक्कळावन्न, नुसतं डोळ्यांना दिसलं पण मोजवलं नाही तर ढीगशे. "आणि हा तलाव?" एकानं विचारलं. त्यावर पोरांमध्ये जे भांडण जुंपलं ते शिट्टीनं थांबवावं लागलं.

कुणीही हसलं नाही. म्हणजे हसले, पण तसे नाही. ज्या गोष्टीला ती अर्धं आयुष्य घाबरली, ती घडली आणि आभाळ काही कोसळलं नाही. आणि यातलीच सगळ्यात मोठी पंचाईत ही होती. आता ताई म्हणणार, बघ, झालं की नाही चांगलं? आणि लोकही ताईचीच बाजू घेणार. काय वाईट झालं, असं कुणी विचारलं तर धाकटीकडे दाखवायला काही नव्हतं. जखम असती तर दाखवली असती. तिचं दार होतं, ते तिच्या हातून उघडायचं होतं, एवढंच. बाहेर ऊन छान निघालं म्हणून दार फोडलं ते फोडलं नव्हतं, असं थोडंच होतं?

तिनं आईसाठी म्हणून अबोला सोडला. पहिल्या फोनवर ताई रडली, माफी मागितली, मनापासून मागितली. धाकटी "असू दे" म्हणाली, आणि तेही खोटं नव्हतं. राग धरून ठेवण्याइतक्या लांबच्या माणसाचा तो आवाज नव्हता. आता दर सुट्टीला दोघी बोलतात. आईचे गुडघे, भाच्याची परीक्षा, ताईच्या घराची गळती.

मागच्या आठवड्यात धाकटीनं धीर करून एका तज्ज्ञ बाईंकडे जाऊन आकडे डोक्यात का टिकत नाहीत याची तपासणी करून घेतली. त्यांनी दुपारभर वेगवेगळी कोडी सोडवून घेतली आणि सांगितलं की ह्याला नाव आहे, अनेकांना असतं, आणि त्याचा हुशारीशी काही संबंध नाही. मग सहज विचारलं, "लहानपणी कुणाला कळलं नाही का हो?" धाकटी त्या परक्या खोलीत, कागदी रुमालांच्या डब्याशेजारी बसून हमसून हमसून रडली. बाहेर आल्यावर फुटपाथवर उभी राहून तिनं मोबाइल काढला. ताईचं नाव यादीत सगळ्यात वर होतं. अंगठा त्याच्यावर गेलाही.

तेवढ्यात तिला ताईचा चेहरा दिसला. तो मायेनं भरलेला, ऐकणारा, एकही शब्द न सोडणारा चेहरा. तिनं मोबाइल खिशात टाकला आणि बसच्या थांब्याकडे चालू लागली.

सुट्टीला ताईचा फोन आला. "काय गं, नवीन काय?"

"काही नाही," धाकटी म्हणाली. "नेहमीचंच. तुझ्या घराची गळती थांबली का?"